खोल समुद्रात शार्क गरवणं : कूट, आमिष आणि वासाचा माग (न्यू जर्सी)

दर्याकाठ

दोन दिवसांपूर्वी गप्पांच्या पानावर कुणीतरी विचारलं होतं, शार्क धरायला समुद्रात रक्त ओततात हे खरं का. तिथे दोन ओळींत उत्तर देऊन माझं समाधान झालं नाही, म्हणून हा धागा.

रक्त नाही ओतत. टाकतात तो तेलकट माशांचा कूट. इंग्रजीत त्याला चम म्हणतात, मी खाली कूटच म्हणेन. शेंगदाण्याच्या कुटासारखाच दळलेला असतो, फक्त ओला. इथे तो बहुतेक बंकर माशाचा करतात. बंकर म्हणजे आपल्या तारलीच्या गोतातला मासा, पण तिच्यापेक्षा चांगला मोठा, काट्यांनी भरलेला आणि तेलाने थबथबलेला. माणसं तो सहसा खात नाहीत, समुद्रातलं बाकी सगळं त्याच्यावर जगतं.

मी मूळचा अलिबागकडचा. लहानपणी आजोबांबरोबर धक्क्यावर गळ टाकून गरवायला बसायचो. गेली अकरा वर्षं जूनमध्ये मनास्क्वान इनलेटमधून (खाडीच्या तोंडातून) शार्कच्या फेऱ्यांना जातो. अकरा वर्षांत एक गोष्ट पक्की कळली : कूट किती टाकला याला फार महत्त्व नाही. वासाचा माग मध्ये कुठेही तुटला नाही ना, यावर सगळा दिवस अवलंबून असतो.

पद्धत अशी. पाच गॅलनची, म्हणजे साधारण १९ लिटरची बादली गोठवलेल्या कुटाने भरलेली मिळते. तिला बोटाएवढी भोकं पाडून किंवा आतला गोळा जाळीच्या पिशवीत घालून बोटीच्या कडेला बांधायची, निम्मी पाण्यात. इंजिन बंद. बोट वाऱ्यावर सोडून द्यायची. बर्फ वितळतो तसा कूट थोडाथोडा सुटतो, प्रत्येक लाटेबरोबर बादली वरखाली होते आणि एक घुटका बाहेर पडतो. वर तेलाचा तवंग पसरतो, खाली बारीक कण बुडत जातात. ताशी एक-दीड सागरी मैल सरकलात तर पाच तासांत पाच-सात मैलांची वासाची वाट तयार होते. तिला आडवा येणारा शार्क वळला तर वाट धरून थेट तुमच्यापर्यंत येतो.

आता यातली मेख. बोट जमिनीच्या हिशेबाने किती सरकली हे जीपीएसवर दिसतं, पण माग पसरतो तो पाण्याच्या हिशेबाने. वारा पडलेला आणि प्रवाह जोरात असला की बोट पाण्याबरोबरच जाते, पडद्यावर वेग मस्त दिसतो आणि कूट मात्र बोटीभोवतीच साचून राहतो. वारा चांगला असला की बोट पाण्यावरून सरकते आणि माग लांब ताणला जातो. मला हे समजायला तीन हंगाम गेले. वारा फारच जोराचा असेल तर पाण्यात कापडी पॅराशूट सोडून बोट धीमी करतात.

जागेची निवड हा वेगळा विषय, थोडक्यात सांगतो. आम्ही २० ते ४० वाव (एक वाव म्हणजे सहा फूट) खोल पाण्यात जातो. १९४२ साली जर्मन पाणबुडीने बुडवलेलं 'रेसर' नावाचं तेलवाहू जहाज इथल्या समुद्रात तळाशी पडलंय, तो परिसर शार्कसाठी जुना प्रसिद्ध. पाण्याचं तापमान १८ ते २१ सेल्सियसला आलं की माको जातीचा शार्क दिसायला लागतो, ब्लू शार्क त्याहून थंड पाण्यातही असतो. हिरवं पाणी संपून निळं सुरू होतं ती रेघ सापडली तर तिच्या आसपासच बोट सोडायची.

आमिषांच्या मांडणीबद्दल खाली प्रतिसादांत लिहितो, आत्ता कामावर जायचंय.

पंचगंगेकाठी

वा, काय विषय काढलात! आम्ही गोड्या पाण्यातले. रोहू-कटल्यासाठी भुईमुगाची पेंड, कोंडा मळून गोळे करतो आणि आधी तासभर त्या जागी टाकत राहतो. आमच्याकडचे जुने लोक सांगतात, मासा जमवायचा, जेवू घालायचा नाही. जेवला तर गळाकडे कशाला बघेल? तुमच्याकडे तेच लागू होतं का?

दर्याकाठ

अगदी तेच. तुमच्या जुन्या लोकांना माझा नमस्कार सांगा.

कूट बारीकच हवा. बोटीवर हौशी माणसं माशाचे तुकडे कापून मुठीमुठीने फेकतात, शार्क ते गिळत मागेच थांबतो. एका फेरीत आमच्या कॅप्टनने दुपारी कंटाळून उरलेली अख्खी बादली एकदम पालथी केली. दहा मिनिटांत तीन ब्लू शार्क आले, मागे शंभर-दीडशे फुटांवर पोट भरलं आणि गेले. आमच्या आमिषांना एकानेही तोंड लावलं नाही. त्यानंतरचा दीड तास पाणी रिकामं, कारण टाकायला काहीच उरलं नव्हतं.

एक-दोन तुकडे अधूनमधून, शार्क लांब रेंगाळतोय असं दिसलं तर. तेवढंच.

आता आमिषं. तीन रॉड लावतो. प्रत्येक दोरीला फुगा बांधलेला, साधा वाढदिवसाचा फुगा, तो तरंड्याचं काम करतो. सगळ्यात लांबचा फुगा बोटीपासून दीडशे फुटांवर, त्याचं आमिष सगळ्यात खोल, समजा शंभर फूट. मधला शंभर फुटांवर, आमिष साठ फूट खोल. जवळचा पन्नास फुटांवर आणि आमिष तीसच फूट. असं का? कुटाचे कण बोटीपासून लांब जाता जाता बुडत जातात, म्हणजे मागाला उतार असतो. आमिषं त्या उतारावर बसली पाहिजेत. वास नाकाशी घेऊन येणाऱ्या शार्कला वाटेतच घास दिसला पाहिजे.

चौथा रॉड हातात, त्याला ताजं आमिष लावून बर्फात ठेवलेलं. शार्क बोटीशेजारी आलेला दिसला तर त्याच्या तोंडासमोर सोडायला.

आमिष म्हणून अख्खा बांगडा (इथला अटलांटिक बांगडा, आपल्यापेक्षा सडपातळ), बंकर, किंवा ब्लूफिशचं पोटासकट कापलेलं लांब काप. माकोला ब्लूफिश विशेष प्रिय. शार्कची कातडी खरकागदासारखी असते, साधा तंगूस (नायलॉनची दोरी) तिच्यावर घासून तुटतो, म्हणून गळाच्या वर बारा-पंधरा फूट तार.

मालवणी_बांगडो

दर्याकाठ, तुमचा तो उतार वाचून बरा वाटला. आमच्या घरचा धंदा मासेमारीचाच. वाव, तंगूस, गरवणं हे शब्द अमेरिकेतल्या पाण्यावर वाचतोय म्हणून लिहायला बसलो.

आमच्याकडे मोरी (मुंबईकडे मुशी म्हणतात तीच, लहान शार्क) जाळ्यात येते. मुद्दाम तिच्यासाठी कूट टाकणारा मी पाहिलेला नाही. पण मासे साफ करताना आतडी-डोकी पाण्यात टाकली की मागून मोरी फिरताना दिसते, हे लहानपणापासून माहीत आहे.

आणि मोरीचं मटण! गरम पाणी ओतून ती वाळूसारखी कातडी खरवडून काढायची, मग वाटण. तुम्ही धरलेला शार्क खाता का तिथे?

दर्याकाठ

बांगडोसाहेब, मोरीच्या मटणाचं नाव काढलंत, आता आज रात्री झोप नाही.

खाण्याचं उत्तर थोडं लांब आहे. थ्रेशर (लांब शेपटीचा शार्क) आणि माको चवीला उत्तम. ब्लू शार्क फारसं कुणी खात नाही. शार्कच्या रक्तामांसात युरिया असतो, मेल्यावर त्याचा अमोनिया होतो. तो दर्प तुम्हाला मोरीवरून माहीतच आहे. म्हणून धरल्याधरल्या रक्त काढून बर्फात घालावा लागतो.

पण माको आता ठेवता येत नाही. उत्तर अटलांटिकमधला माको इतका कमी झालाय की २०१७ च्या आंतरराष्ट्रीय मोजणीत धोक्याची घंटा वाजली. पुढच्या हिशेबात असं निघालं की तेव्हापासून एकही मारला नाही तरी तो सावरायला २०४५ उजाडेल, आणि तेही जेमतेम निम्मी शक्यता. ५ जुलै २०२२ पासून अमेरिकेच्या अटलांटिक पाण्यात माको ठेवणं पूर्ण बंद आहे, मेलेला आला तरीही. पांढरा शार्क १९९७ पासून, डस्की शार्क २००० पासून बंद. जे ठेवता येतात त्यांतलाही बहुतेक जातींचा एका बोटीला एका फेरीत एकच, आणि नाकापासून शेपटीच्या खाचेपर्यंत किमान ५४ इंच.

२०१५ नंतर मी एकही ठेवलेला नाही. त्या वर्षी एक माको ठेवला होता. मादी होती. नंतर वाचलं की माकोच्या मादीला पहिली पिल्लं व्हायला अठराएक वर्षं लागतात. ती तेवढी मोठी नव्हती. ते अजून मनातून जात नाही.

स्वाती_ठाणे

धागा वाचतेय. माहिती चांगली आहे, पण मला दोन प्रश्न विचारायचेच आहेत. ठेवायचा नसेल तर त्या जिवाला गळ टोचून दमवायचं कशासाठी? आणि दुसरं, माझी बहीण जर्सीत राहते, तिची मुलं उन्हाळ्यात समुद्रात पोहतात. तुमच्या या कुटाने शार्क माणसांच्या जवळ येत नाहीत का?

दर्याकाठ

स्वातीताई, दुसऱ्याचं उत्तर आधी देतो कारण ते सोपं आहे. आम्ही किनाऱ्यापासून तीसेक मैल आत असतो. तो माग वाहत किनाऱ्यापर्यंत येईस्तोवर त्यात काही उरत नाही. 'रक्ताचा एक थेंब मैलभरावरून कळतो' ही दंतकथा आहे. वास शार्कपर्यंत पाण्यानेच यावा लागतो, आणि पाणी जेवढ्या वेगाने वाहतं तेवढ्याच वेगाने तो येतो. शार्कचं नाक तीक्ष्ण आहे हे खरं. कोणत्या नाकपुडीत वास क्षणभर आधी पोचला यावरून तो वळायची बाजू ठरवतो, हे २०१० मध्ये प्रयोगाने दिसलं. शेवटच्या काही फुटांत मग डोळे आणि तोंडाच्या पुढच्या टोकावरची विजेची जाणीव कामाला येते. म्हणूनच तो कधीकधी आमिष सोडून बोटीच्या पंख्याचं धातू हुंगत बसतो.

तुमच्या बहिणीच्या किनाऱ्याजवळ शार्क दिसले तर ते बहुधा बंकरच्या थव्यामागे आलेले असतात. पाण्यात बंकर काळाकुट्ट गोळा होऊन उड्या मारताना दिसला तर मुलांना बाहेर बोलवावं, एवढं तिला जरूर सांगा.

किनाऱ्यावर उभं राहून कूट टाकणं मात्र मला स्वतःला चुकीचं वाटतं.

पहिला प्रश्न अवघड. मी त्याला टाळत नाही. दमवण्यात मला आनंद नाही, जवळून पाहण्यात आहे. निळ्या पाण्यातून निळाच आकार वर येतो तेव्हा त्याच्या पाठीचा रंग कुठल्याच फोटोत उतरत नाही. हे कारण तुम्हाला पुरेसं वाटणार नाही, ते मला मान्य आहे. पण जायचंच ठरवलं तर तो जिवंत परत कसा जाईल हे गळ निवडतानाच ठरतं, ते सांगतो.

पूर्वी जे-आकाराचे गळ असत. शार्कने आमिष उचललं की दहा आकडे मोजायचे आणि जोरात झटका. तोवर घास पोटात गेलेला, गळ आतड्यात. सोडून दिलेला शार्कही पुढे मरायचा. आता इथल्या केंद्रीय पाण्यात शार्कसाठी नैसर्गिक आमिष लावताना गोल गळच वापरावा लागतो, न वाकवलेला आणि गंजणारा. न्यू जर्सीला हा नियम २०१८ पासून आहे. गोल गळाचं टोक आतल्या बाजूला वळलेलं असतं. शार्क वळून निघाला की तो सरकत येऊन जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. त्यासाठी दोन पथ्यं : टोक आमिषात पुरायचं नाही, उघडं ठेवायचं. आणि झटका द्यायचा नाही, दोरी हळूहळू ताणू द्यायची. झटका द्यायची सवय सुटायला मला पूर्ण एक हंगाम लागला, तोवर पाच-सहा शार्कच्या तोंडातून गळ निसटला.

शिवाय रॉड-रीळ दणकट वापरायचं. नाजूक दोरीवर दोन तास झुंजवणं म्हणजे त्याला आतून मारणं. बोटीशेजारी आला की पाण्यातच ठेवायचा, गळ निघत नसेल तर तार गळाच्या जितकी जवळ तोडता येईल तितकी तोडायची. हातोडी शार्कच्या बाबतीत तर घाई हवीच, त्यातला मोठा हातोडी फार लवकर खचतो.

गल्फकोस्ट_निनाद

टँपाहून. किनाऱ्यावरून कूट टाकण्याबद्दल दर्याकाठांशी शंभर टक्के सहमत. फ्लोरिडात १ जुलै २०१९ पासून किनाऱ्यावरून शार्क गरवताना कूट टाकायला बंदीच आहे. शिवाय किनाऱ्यावरून शार्क धरायचा तर ऑनलाइन पाठ पूर्ण करून परवाना घ्यावा लागतो, गळ तोडायची कातर जवळ हवी, आणि बंदी असलेल्या जातीचे कल्ले पाण्याबाहेर काढायचे नाहीत. मी स्वतः तो पाठ केला, तासाभराचाही नाही, पण जाती ओळखायला उपयोग झाला.

एक शंका : थ्रेशरचं काय? तो शेपटीने मारतो ना आमिषाला?

दर्याकाठ

हो, निनाद. थ्रेशर लांब शेपटीचा फटका मारून मासा बधिर करतो, मग खातो. चालत्या बोटीमागे ओढलेल्या आमिषावर फटका मारताना गळ शेपटीतच रुततो आणि शार्क उलटा ओढला जातो. त्याला श्वास घ्यायला पुढे पोहत राहावं लागतं. उलटा ओढला की कल्ल्यांतून पाणी नीट जात नाही आणि तो गुदमरतो. कॅलिफोर्नियात हे बरंच अभ्यासलं गेलंय. म्हणून थ्रेशरसाठी मी आमिष ओढत नाही, कुटाच्या मागात स्थिर सोडतो. तोंडाने खाण्याची शक्यता तिथे जास्त.

पंचगंगेकाठी

कुटात जनावराचं रक्त-मांस घालत नाहीत का? खाटकाकडे स्वस्त मिळेल असं सहज वाटलं.

दर्याकाठ

नाही घालत, आणि त्याला इतिहास आहे. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडच्या टोकाला माँटॉक बंदर आहे. फ्रँक मुंडस नावाचा कॅप्टन तिथे १९५० च्या दशकापासून लोकांना शार्क धरायला नेत असे, 'क्रिकेट टू' ही त्याची बोट. त्या काळी तो पायलट व्हेल मारून त्यांचं मांस कूट म्हणून वापरायचा. १९७२ च्या कायद्याने सागरी सस्तन प्राण्यांना संरक्षण मिळालं आणि ते थांबलं. १९८६ मध्ये त्याच्या बोटीवर डॉनी ब्रॅडिकने रॉडने ३,४२७ पौंडांचा पांढरा शार्क धरला, पण तो मेलेल्या व्हेलजवळ धरलेला. जागतिक विक्रम नोंदवणाऱ्या संस्थेच्या नियमात सस्तन प्राण्याचं मांस, रक्त, कातडी काहीच आमिषात वा कुटात चालत नाही, म्हणून तो विक्रम मानला गेला नाही. नोंदीतला विक्रम १९५९ चा, ऑस्ट्रेलियात सेडुनाला आल्फ डीनने धरलेला २,६६४ पौंडांचा.

याच मुंडसने उतारवयात गोल गळांचा आणि सोडून देण्याचा पुरस्कार केला. त्याच्याबद्दल माझं मत दोन्ही बाजूंनी ओढलं जातं.

आणि खरं सांगायचं तर खाटकाच्या रक्ताची गरजही नाही. शार्कला माशाचं तेल आणि मांसातली अमिनो आम्लं ओळखीची आहेत, तेच त्याचं रोजचं अन्न.

जुईली_एडिसन

नमस्कार. मी आणि नवरा येत्या शनिवारी पहिल्यांदा जातोय, भाड्याच्या बोटीवर, सहा जण. दोन प्रश्न : परवाना आम्हाला काढावा लागेल का? आणि त्या वासाने मला नक्की मळमळणार, काही उपाय?

दर्याकाठ

जुईली, भाड्याच्या बोटीचा परवाना बोटीकडे असतो, तुम्हाला वेगळा नको. स्वतःच्या बोटीने जाणाऱ्यांना वार्षिक परवाना आणि त्यावर शार्कची वेगळी नोंद लागते, ती एक चित्रफीत पाहून प्रश्नमंजुषा दिल्यावर मिळते.

मळमळीची गोळी आदल्या रात्री एक, सकाळी निघण्याआधी एक. डॉक्टरला विचारून. बादली कुठल्या बाजूला बांधणार ते बघा आणि तुम्ही वारा जिकडून येतो त्या बाजूला बसा. पोहे खाऊन निघा, रिकाम्या पोटी जास्त त्रास होतो. नजर क्षितिजावर.

आणि एक काम आवर्जून करा. शार्क लागला आणि त्याच्यामागे बोट न्यायची वेळ आली तर खलाशाला विचारा, "बादली कुठे ठेवणार?" चौथ्या वर्षी आम्ही मित्रांनी बोट घेतली होती. ब्लू शार्क लागला, गडबडीत इंजिन चालू केलं, बादली कडेला तशीच. अर्धा तास त्याच्यामागे फिरलो आणि माग पाण्यावर वेटोळ्यांसारखा पसरला, मूळ वाट कुठे सुटली तेच कळेना. सकाळी सहापासूनची मेहनत गेली. बादली सोडवून तिला तरंडा बांधून तिथेच ठेवायची असते. परत येऊन उचलायची. माग जिवंत राहतो.

अजून एक : ब्लू शार्क बराच वेळ बोटीभोवती फिरत असतील आणि एकदम सगळे नाहीसे झाले, तर रॉडजवळ जाऊन उभ्या राहा. बहुतेक वेळा खाली माको आलेला असतो.

मालवणी_बांगडो

जुईली, जाऊन आल्यावर हयच लिव. वाट बघतंय.

जुईली_एडिसन

जाऊन आलो! थोडक्यात लिहिते.

पहिले तीन तास काहीच नाही. मी बादलीकडे बघत बसले होते, दर लाटेला एक घुटका, अगदी तुम्ही लिहिलंय तसा. तवंगावर छोटे काळे समुद्रपक्षी पाण्यावर पाय टेकत नाचत होते. मग मधला फुगा फुटला. ब्लू शार्क, सहा फुटांच्या आसपास. नवऱ्याने रॉड धरला, मी ओरडत होते, "झटका नको, झटका नको!" गळ जबड्याच्या कोपऱ्यातच होता. कॅप्टनकडे खूणचिठ्ठ्या होत्या, १९६२ पासून इथे हौशी लोकांकडून शार्कला खूण लावून घेण्याचा सरकारी उपक्रम चालतो असं तो म्हणाला. पाठीच्या पराशेजारी छोटी कुपी लावली, तार कापली. तो क्षणभर तसाच थांबला आणि मग सरळ खाली गेला.

स्वातीताई, तुमचा प्रश्न माझ्या डोक्यात होता तेव्हा. अजूनही आहे.

दर्याकाठ, कार्ड मला भरायला दिलंय. जात, नर-मादी, जागा लिहिली. लांबी कुणी मोजली नाही, शार्क पाण्यातच होता. सहा फूट लिहू का?

दर्याकाठ

लिहा, पण शेजारी 'अंदाजे' यावर खूण करा. पाण्यातला शार्क सगळ्यांनाच मोठा दिसतो. कॅप्टनलाही विचारा त्याला किती वाटला, आणि दोघांतला कमी आकडा घाला. उद्या हाच शार्क अटलांटिकमधल्या अझोर्स बेटांच्या बाजूला कुणाला सापडला, असे सापडलेले आहेत, तर तो किती वाढला हे तुमच्या आकड्यावरून काढणार आहेत.

मळमळलं का?

जुईली_एडिसन

एकदाच. पोह्यांमुळे वाचले.